कटआउट तुमच्या खिशात होतं

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते परवा मी डोळ्यांनी पाहिलं. जामच्या चौकात बबनशेठच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लावला होता, दारापेक्षा थोडाच लहान. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आमचे कलाकार देवराव मिस्त्री'. जिवंत होतात तेव्हा 'ए मिस्त्री' म्हणत होते. आता एकदम कलाकार, अन् तेही 'आमचे'. मी फोटोपुढे हात जोडले, शेठकडे पाहून मान हलवली. तुम्ही बघत असाल तर म्हणाला असाल, ही शोभा नाहीच, हिला काय झालं. थांबा जरा. सगळं सांगते.

लिहिताना मी शाळेतली भाषा लिहिते आहे, तुम्हाला हसू येईल. बारावीपर्यंत शिकले ते कुठे तरी कामाला यावं. राग आला की आपली बोली मधे येईलच, आणि राग तर तुमची तेरवी झाली तरी उतरलेला नाही.

तुम्ही गेल्यावर घरी येणारा प्रत्येक माणूस मला हेच सांगून गेला की मिस्त्री हुशार होता, पण घाई करायचा. घाई. जो माणूस चहासुद्धा बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायचा, त्याला घाई. हे कोणी पसरवलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हायवेवर शेठचा शब्द म्हणजे बोर्डावर लिहिल्यासारखा, येणारा-जाणारा वाचतो आणि खरा मानतो. तुमच्या हाडांसोबत तुमचं नावही जाळायला निघाले होते ते. हाडं मी दिली. नाव देणार नव्हते.

आठवतं, तो हॉल बांधला तेव्हा तुम्ही किती हसला होतात? नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या ढाब्यावर जेवायला थांबतात, त्यांची पोरंबाळं रमावीत म्हणून शेठनं मागे बॉलिंग टाकलं. लांब गुळगुळीत लाकडी पट्टी, या टोकाला माणूस, त्या टोकाला त्रिकोणात उभ्या दहा बाटल्या. जड गोळा घरंगळत सोडायचा आणि बाटल्या पाडायच्या. "पाडाले पैसे देते लोकं," तुम्ही म्हणाला होतात, "आपल्याकडं त फुकटात पाडते." पाडणाऱ्याची मजा व्हायची, पण पडलेल्या बाटल्या दर वेळी पुन्हा मांडायला मागे दोन बाया वाकून बसलेल्या असायच्या. एकीच्या पायाला गोळा लागला आणि दोघींनी काम सोडलं. बाटल्या आपोआप उभ्या करणारी मशीन परदेशातून आणायची तर शेठचं डोकं फिरलं. तेव्हा तुम्ही भर ढाब्यात मांडी ठोकून म्हणालात, "तेबी माणसानंच बनवली असन न? मंग मी का जनावर हाय?"

बढाई मारायची आणि मग घरी येऊन डोकं धरून बसायचं, ही तुमची जुनीच रीत.

आपलं सगळं अंगण पाइपांनी आणि सायकलच्या चेनांनी भरलं. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनमधून भंगारात निघालेली मोटर आणली, कापूस वर नेणाऱ्या पट्ट्याचे तुकडे आणले. पडलेल्या बाटल्या फळीनं मागच्या खड्ड्यात लोटायच्या, तिथून पट्ट्यानं वर न्यायच्या, इथपर्यंत तुमचं डोकं चाललं. पुढे गाडी अडली. वर एकामागून एक येणाऱ्या बाटल्या दहा जागी वाटायच्या कशा? तुम्ही दहाही पाइपांची तोंडं हलवून बघत होतात आणि सगळ्या बाटल्या एकाच पाइपात घुसत होत्या. तीन दिवस जेवताना माझ्याशी बोलला नाहीत, जसं काही मीच त्या बाटल्यांना शिकवून ठेवलं होतं.

मी ओसरीत ज्वारी पाखडत होते. म्हटलं, "तिफणीमागं कधी चालले का तुमी?"

"त्याचं इथं काय?"

"चाड्याखालचे नळे जागच्या जागीच राह्यते. फिरते ते बाईची मूठ."

लग्नाआधी बाबांच्या तिफणीमागे मी किती पेरणी केली. वर लाकडी वाटीसारखं चाडं, त्याला खाली तीन भोकं, तीन नळ्या थेट मातीत. बाईनं चालता चालता मूठ गोल फिरवत दाणे सोडायचे, म्हणजे तिन्ही तासांत, तिन्ही ओळींत, सारखं बी पडतं. एका भोकाशी हात थबकला तर एक तास दाट आणि दोन उपाशी. हे कोणत्याही पेरणाऱ्या बाईला माहीत असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पाइपांकडे पाहिलं आणि म्हणालात, "पाखडून झालं की चाय ठेव." दुसऱ्या दिवशी दहा पाइप जागेवर घट्ट बसवलेले होते आणि वर एक लोखंडी हात गोल फिरत होता, प्रत्येक पाइपात एक एक बाटली सोडत.

मशीन पहिल्यांदा चालली तेव्हा मीही आले होते. फळी सरकली, वर खडखड झाली, तो सगळा सांगाडा हळूच खाली आला, जमिनीला टेकला, वर गेला आणि मागे दहा बाटल्या उभ्या. अख्खा ढाबा टाळ्या वाजवत होता. कोणी तरी विचारलं, हे डोक्यात आलं कसं? तुम्ही मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालात, "सुचलं."

सुचलं. त्या एका शब्दावरून आपण किती भांडलो. मी म्हणायची, एकदा चारचौघांत म्हणा की हे शोभाचं. तुम्ही म्हणायचे, "अवं, घरची गोष्ट घरातच असू दे न." आणि सातवा पाइप अडकला की मात्र तीच कल्पना बरोबर माझी व्हायची. सातव्या पाइपात बाटली आडवी बसायची, दिवसातून दोनदा तरी. तुम्ही म्हणायचे, तुझ्या चाड्यातच खोट आहे. मी म्हणायची, तुमचा पाइप वाकडा आहे, वेल्डिंग करताना लक्ष बबनशेठच्या कौतुकाकडे होतं. हे भांडण मिटलं नाही. मिटायला नकोच होतं मला, त्याच्यावर आपल्या पुष्कळ संध्याकाळी चांगल्या गेल्या.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे लिहायला बसले.

तुमचे उस्ताद हसनभाई, गिरडचे. जिनमध्ये त्यांनी तुम्हाला पान्हा धरायला शिकवलं त्याच्याही आधी एक नियम शिकवला होता, आणि तो तुम्ही मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलात. कटआउट खिशात, मगच हात आत. कटआउट म्हणजे ते पांढरं, चिनी मातीचं, मुठीत मावणारं. पेटीतून ते उपटलं की मशीनकडे जाणारी वीजच तुटते. मी म्हटलं होतं, बटन बंद केलं की झालं ना. तुम्ही म्हणालात, "बटनावर भरोसा नाई. कोनीबी दाबते. खिशात कोनी हात नाई घालत." पेटीत ठेवायचं नाही, जमिनीवर ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. ज्याचा जीव आत, त्याच्याच खिशात कटआउट. जिनमधले सगळे जुने फिटर असंच करतात.

त्या नियमानं माझा जीव किती खाल्ला. माझ्या पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवायला तुम्ही यायचे, कटआउट खिशात टाकायचे, काम झालं की गप्पा मारत तसेच गाडीवर बसून निघून जायचे. इकडे दळणाचे डबे घेऊन बाया ओळीनं बसलेल्या आणि मी रस्त्यावर उभी राहून तुमच्या नावानं ओरडतेय. एकदा तर तुम्ही कटआउट खिशात घेऊन हसनभाईंसोबत गिरडला टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन आलात, आणि वर मलाच म्हणालात, "नेवैद्य दाखवून आणला तुह्या गिरणीले." तेव्हापासून तुमचा शर्ट धुवायला टाकायच्या आधी खिसा तपासायची मला सवय लागली. पान्हा निघो, बिडी निघो, कटआउट निघो, काही ना काही निघायचंच.

त्या रविवारी मी मिरची दळत होते. तुमच्या मशीनवर नागपूरच्या कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, हॉल भरलेला. सातवी बाटली अडकली. तुम्ही मागच्या दारानं आत गेलात आणि सांगाडा तुमच्यावर खाली आला. मला बोलवायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघूनच मी गिरणी बंद केली. त्यापुढचं लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मला विसरायचं आहे.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा शेठ शेजारी उभे राहून पोलिसांना सांगत होते, "चालू मशीनमधी हात घातला जी त्यानं. किती डाव सांगतलं, ऐकतच नोता." वर रुमालानं डोळे पुसले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात हे तेव्हा मलाही कळलं नाही. खरं सांगू? अर्धा दिवस मीही विश्वास ठेवला. अर्धा दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की रडूच आलं नाही. म्हटलं, जन्मभर मले शिकवलं अन् स्वतःच विसरले.

मग दवाखान्यातून तुमच्या कपड्यांची पिशवी मिळाली. घरी आणली. बाया म्हणाल्या, उघडू नको, तशीच टाकून दे. पण हाताला सवय होती. मी शर्ट काढला आणि खिसा तपासला.

कटआउट खिशात होतं.

मी ते मुठीत धरून बसले. बाया म्हणाल्या, रडू दे तिला, मोकळी होऊ दे. मी रडत नव्हते हो. मी हिशेब लावत होते. कटआउट तुमच्या खिशात, म्हणजे तुम्ही ते उपटूनच आत गेलात. ते उपटलेलं असताना मशीन चालली, म्हणजे कोणी तरी तुमच्या पाठीमागे कटआउटला वळसा घालून तार थेट जोडली होती. का, तेही मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतं की बाटली अडकली की तुम्ही कटआउट काढता, त्या पट्टीचे सगळे दिवे जातात, गिऱ्हाईक ओरडतं, आणि शेठ चिडतात. म्हणजे शेठनं वायरमनला बोलावलं. दिवे चालू राहिले. मशीनही चालू राहिली. दिवे वेगळे जोडले असतील असं तुम्हाला वाटलं असेल, आणि वाढदिवसाच्या गोंगाटात मोटर ऐकू आली नसेल. फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

हसनभाई मातीला आले होते. सगळे पांगल्यावर मी त्यांच्यासमोर मूठ उघडली. म्हाताऱ्यानं कटआउट बोटांनी फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "बहू, हे आज दाखवशीन त उद्या सकाळी पेटीच बदलून टाकन तो. अन् हे त कोनाच्याबी दुकानात भेटते म्हणन. रुक जा."

"किती दिवस?"

"शेठ स्वतःच बोलवन तुले. असे लोकं बोलवतेच."

आणि बोलावलं. तेरवी झाली आणि शेठ घरी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. माणूस मेलेल्या घरी पेढे. म्हणाले, वहिनी, हॉल बंद आहे, लोकांच्या मनात भीती बसली आहे. मिस्त्रीच्या नावानं श्रद्धांजली ठेवतो, त्या पट्टीला त्याचंच नाव देतो, आणि तुमच्या हातानं बटन दाबून मशीन पुन्हा सुरू करतो. म्हणजे लोकांना दिसेल की घरच्यांच्या मनात काही नाही. मी पदर सारखा केला. एवढी गरीब गाय मी जन्मात झाले नव्हते. म्हटलं, "येईन न, शेठ. पन एक हाय. ठाणेदारसाहेबाले बोलवा. त्यांच्या हातानं हार पडला पाह्यजे." शेठला ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्या समोरच फोन लावला.

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून मला भूक लागायला लागली. पोटभर जेवत होते. बाया आपसात कुजबुजल्या की हिला काही वाटत नाही वाटते. वाटत होतं. माझा दुःखाचा घास मी मागे ठेवला होता, आधी दुसरा खायचा होता.

परवा दुपारी हॉल भरला. ठाणेदार पहिल्या खुर्चीवर. वायरमन कोपऱ्यात, खाली मान घालून. हसनभाई जिनमधल्या जुन्या फिटरांना घेऊन आले होते, सगळे मागे भिंतीला टेकून उभे. शेठ बोलले, तुमच्यावर फार बोलले. मशीनचं स्वप्न माझं होतं, मिस्त्रीनं ते साकार केलं, असंही बोलले. तुम्ही तरी 'सुचलं' एवढ्यावर थांबायचे. मग माझा हात धरून मला बटनापाशी नेलं.

मी बटन दाबलं. फळी सरकली, वर खडखड झाली, माझी मूठ गोल फिरली. होय, माझी. सांगाडा खाली आला, वर गेला. नऊ बाटल्या उभ्या, सातवी आडवी अडकलेली. पाइपच वाकडा आहे तुमचा, आता तरी मान्य करा. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत मी भिंतीवरची पेटी उघडली. कटआउटची जागा रिकामी. इतक्या दिवसांत शेठला फोटो मोठा करायला सुचलं, तिथं एक कटआउट बसवायला सुचलं नाही. मशीन चालत होती ना, मग कोण बघतो पेटीत. मी कमरेची पिशवी सोडली आणि तुमचं कटआउट वर धरलं. त्यावरचा तुमच्या रक्ताचा डाग मी पुसला नव्हता.

म्हटलं, "साहेब, हे मिस्त्रीच्या खिशातून निघालं. हे त्या पेटीतलं हाय. हे बाहेर हाय, म्हंजे मशीन बंद पाह्यजे न?"

मागे भिंतीपाशी जिनचे फिटर ताठ झाले. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. बाकीच्यांना कळत नव्हतं, ते शेठकडे बघत होते. शेठ हसले. "वहिनी, मनावर परिणाम झाला तुमच्या. बसा. कोनाचं तरी जुनं असन ते."

"असन न. मंग तुमी जा आत."

"कुठं?"

"मशीनमधी. सातवी बाटली अडकली हाय. कटआउट माह्या हातात हाय, पेटी खाली हाय. मशीन बंद हाय म्हंजे. जा, सरळ करून या."

शेठ जागचे हलले नाहीत. आत मोटर घरघरत होती, सगळ्यांना ऐकू येत होती. हसनभाई मागून शांतपणे म्हणाले, "जा शेठ. कटआउट बाहेर असल्यावर आमी डोळे मिटून जातो आत." ठाणेदार खुर्चीवरून उठले. शेठ एकदा मशीनच्या काळ्या भोकाकडे बघत, एकदा माझ्या हाताकडे. त्यांच्या कपाळावर जो घाम आला तो मी मनसोक्त पाहिला. तुमच्यासाठी पाहिला. माझ्यासाठीही. देव मला माफ करो की न करो, लग्नाच्या दिवसानंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"नाई जात? मंग मी जातो," मी म्हटलं. पदर खोचला, कटआउट ब्लाउजमध्ये टाकलं, मागचं दार उघडलं, जिथून तुम्ही गेला होतात तिथूनच. वाकून एक पाय आत ठेवला. खरंच ठेवला हो, नाटक नव्हतं. वर सांगाडा होता आणि मला एक क्षण वाटलं की येऊच दे खाली.

कोपऱ्यातून वायरमन ओरडला. हातातलं पाणी सांडत धावत आला, माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "वहिनी, जाऊ नका. लाइन डायरेक्ट हाय. शेठनं डायरेक्ट कराले लावली."

ठाणेदारांनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसायला सांगितलं. जिनच्या फिटरांनी हॉलचं मोठं दार लावून घेतलं. मी भिंतीला टेकून बसले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. शेठसाठी नाही, त्यांचं पुढे जे व्हायचं ते मी शेवटपर्यंत समोर बसून बघणार आहे. रडू आलं ते वायरमनच्या त्या आवाजाचं. एवढंच ओरडायचं होतं हो. त्या रविवारीही तो तिथंच होता.